मान दुखणारच, ही सबब पुरे

"लढाऊ विमान उडवायचं तर मान दुखणारच, त्यात सांगण्यासारखं काय?" हैदराबादच्या मराठी मंडळींत हवाई दलाचा विषय निघाला की हा सूर कुणीतरी लावतोच. या शहराचा आणि हवाई दलाचा घरोबा जुना आहे. शहराच्या उत्तरेला दुंडिगलची वायुसेना अकादमी आहे. तिची कोनशिला ११ ऑक्टोबर १९६७ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या हस्ते बसली. हकीमपेटला हेलिकॉप्टर शिकवणारी शाळा आहे. पुढे बिदरला २००८ पासून हॉक विमानांवर लढाऊ वैमानिक घडतात, आणि त्याच जिल्ह्यात भालकी-औरादकडे आजही घराघरांत मराठी बोलली जाते. नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी मिग-२९ सारखी विमाने उडवता उडवता २०२१ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. गौलीगुडा, इसामिया बाजार, सुलतान बाजार या जुन्या वस्त्यांतली मराठी मुले आणि आता मुलीही या वाटेकडे डोळे लावून असतील तर नवल नाही.

म्हणूनच वरच्या त्या वाक्याची झाडाझडती घ्यायला हवी. ते ऐकायला शूर वाटते. प्रत्यक्षात ते एका टाळता येण्याजोग्या दुखण्याला नशिबाचा शिक्का मारते आणि जबाबदारी सगळ्यांच्या अंगावरून झटकून टाकते. वैमानिकाची मान तयार करता येते, राखता येते. मात्र ते काम ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही; उड्डाणाइतक्याच शिस्तीने ते सेवेच्या वेळापत्रकात असायला हवे.

आधी गणित पाहू. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोंचे. हेल्मेट आणि ऑक्सिजनचा मुखवटा मिळून आणखी दोनेक किलो. म्हणजे मानेवर सात किलो. जमिनीवर बसलेल्या माणसावर एक जी इतके बल असते. सुखोई-३० किंवा तेजससारखे विमान जोरात वळते तेव्हा ते सात, आठ, कधी नऊ जीपर्यंत जाते. नऊ जीला सातचे त्रेसष्ट किलो होतात. पाय आणि पोट आवळून रक्त डोक्याकडे टिकवून धरायला जी-सूट असतो. मानेला असा कोणताही आधार नाही. सात मणके, त्यांच्यामधल्या चकत्या आणि भोवतीचे स्नायू, एवढ्यांवरच सगळी भिस्त.

हे त्रेसष्ट किलो सरळ मानेवर पडले असते तरी एकवेळ निभावले असते. हवाई लढाईच्या सरावात नेमके तेच होत नाही. मागून कुणी येतेय अशी शंका आली की वैमानिकाला स्वतःच्या शेपटीमागे, घड्याळातल्या सहाच्या दिशेला पाहावे लागते. उजव्या हाताने स्टिक ओढलेली, डावा हात थ्रॉटलवर, खांदे पट्ट्यांनी आसनाला जखडलेले. तो हनुवटी खांद्यापलीकडे नेतो, मान वर आणि मागे पिळतो, हेल्मेटची कड आसनाच्या माथ्याला टेकवतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दुसऱ्या विमानाचा ठिपका शोधतो. मुखवट्याची नळी चेहरा खाली ओढत असते, घामाने हेल्मेट कपाळावर घसरत असते. तो ठिपका नजरेतून सुटू नये म्हणून डोके तसेच धरून ठेवायचे असते. काही सेकंदांनी विमान उलट्या बाजूला वळते आणि हेच सगळे दुसऱ्या खांद्यावरून. ऑस्ट्रेलियात केव्हिन नेट्टो आणि अँगस बर्नेट यांनी उड्डाणादरम्यान वैमानिकांच्या मानेच्या स्नायूंची विद्युत-हालचाल मोजली, तेव्हा मागे वळून पाहण्याची ही स्थिती सर्वांत जड ठरली. फिनलंडच्या संशोधकांना तर जास्त जीमध्ये मान वळवलेली असताना काही स्नायूंवर त्यांच्या कमाल ताकदीच्या आसपास ताण दिसला.

आता आक्षेप एकेक करून घेऊ. पहिला आक्षेप गौलीगुड्यात सर्वांत सहज सुचणारा, कारण हमालांनी गजबजलेला बेगम बाजार हाकेच्या अंतरावर आहे. "आमचा हमाल डोक्यावर-पाठीवर पोतं घेऊन दिवसभर चालतो. त्याची मान दुखत नाही आणि ह्यांना दोन किलोंचं हेल्मेट जड होतं?" या आक्षेपात दोन चुका आहेत. हमाल ओझे उचलतो तेव्हा मान सरळ ठेवतो, भार मणक्यांवर उभा उतरतो, आणि तो केव्हा उचलायचा, केव्हा ठेवायचा हे त्याच्या हातात असते. वैमानिकाचा भार पिळलेल्या मानेवर, एका क्षणात एकपटीवरून आठपटीवर जातो. दोन आसनी विमानात मागे बसलेल्याला तर पुढच्याने स्टिक कधी ओढली हे कळतही नाही. तो पडद्यावर मान घालून बसलेला असताना झटका येतो. जगभरच्या हवाई दलांत मान लचकण्याच्या कितीतरी घटना अशाच घडल्या आहेत. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. हमालाची मान दुखत नाही, हे कुणी ठरवले? डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज लवकर होते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. एका कष्टकऱ्याचे न ऐकलेले दुखणे दुसऱ्याच्या दुखण्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप: "ही पोरं तरुण आहेत, धडधाकट आहेत. धावतात, जोर मारतात, दोर चढतात. वेगळा मानेचा व्यायाम कशाला?" धावण्याने दम वाढतो, जोर मारण्याने छाती आणि दंड भरतात. मानेच्या पुढच्या बाजूला, मणक्यांना चिकटून असलेले खोलचे स्नायू या कशानेच तयार होत नाहीत. मानेचा प्रत्येक मणका आपल्या जागी धरून ठेवण्याचे काम या लहान स्नायूंचे. ते कमजोर पडले की गळ्यालगतचे आणि खांद्यावरचे मोठे, वरवरचे स्नायू त्यांचे काम अंगावर घेतात, लवकर थकतात आणि दुखू लागतात. तालमीतल्या पैलवानाची जाड मान पाहून भुलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पैलवान डोके जमिनीला टेकवून मानेवर पूल करतो. त्याने मान जाड होते, पण तो व्यायाम मान पूर्ण मागे वाकवून तिच्यावर भार टाकतो. वैमानिकाला वळलेल्या स्थितीत मान सावरायला शिकायचे असते.

खोलच्या स्नायूंचा व्यायाम दिसायला इतका साधा आहे की पाहणाऱ्याला त्यात व्यायामासारखे काही वाटतच नाही. पाठीवर उताणे झोपायचे, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी. डोके न उचलता हनुवटी हलकेच आत घ्यायची, होकार देतो तितकीच. दोन बोटे गळ्याच्या बाजूंच्या जाड पट्ट्यांवर ठेवायची. ते पट्टे ताठले तर जोर चुकीच्या स्नायूंचा लागतोय, पुन्हा सुरुवात. नीट जमले की दहा सेकंद धरायचे आणि सोडायचे. हे साधल्यावर रबरी पट्टा डोक्याला लावून पुढे, मागे, दोन्ही बाजूंना ताण. मग मान अर्धी वळवून तोच ताण. आणि शेवटी हेल्मेट घालून. फॉर्म्युला वन शर्यतींचे चालक मानेसाठी खास सराव करतात आणि त्याला कुणी लाड म्हणत नाही. वळणावरच्या बाजूच्या बलाने मान गळाली तर गाडी ताब्यात राहणार नाही, हे तिथे सगळ्यांना पटलेले आहे.

तिसरा आक्षेप जरा अभ्यासू असतो. "मणक्यांची झीज वयानं सगळ्यांचीच होते. वैमानिकाची थोडी लवकर होत असेल. तिला कोण काय करणार?" या आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. १९९३ मध्ये फिनलंडच्या एका अभ्यासात अनुभवी लढाऊ वैमानिकांच्या मानेच्या चकत्या इतरांपेक्षा अधिक झिजलेल्या दिसल्या. स्वीडनमध्ये मात्र तिथल्या वैमानिकांना आणि इतरांना काही वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही गटांतला फरक कमी झालेला आढळला. म्हणजे एमआरआयमधल्या झिजेचे सगळे खापर जीवर फोडता येत नाही. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. वेदना फक्त चकतीतून येत नाही. एमआरआयमध्ये झीज असूनही मान न दुखणारे असतात आणि चकत्या ठीक असून कण्हणारे असतात. स्नायूंचा थकवा, त्यांचा चुकीचा ताळमेळ आणि वारंवारचा ताण ही दुखण्याची मोठी कारणे आहेत. झिजलेली चकती पूर्ववत करता येत नाही. स्नायू तयार करता येतात. जे हातात आहे तेच करायचे आहे.

चौथा आक्षेप यंत्रांवर विश्वास ठेवणाऱ्यांचा. "नवी हेल्मेटं येतील, हलकी येतील, प्रश्न सुटेल." हेल्मेट हलके होत गेले हे खरे, पण त्यावर बसणाऱ्या वस्तूही वाढत गेल्या. मिग-२९ पासून वैमानिकाच्या डोळ्यासमोर हेल्मेटवरच नेम साधणारे यंत्र आले. ही विमाने १९८७ मध्ये पुण्यात दाखल झाली. आज सुखोई, तेजस आणि राफेलच्या वैमानिकाच्या हेल्मेटवरही अशी साधने असतात. नजर जाईल तिकडे क्षेपणास्त्राचा नेम, ही त्यांची ताकद आहे. पण नजर जाईल तिकडे म्हणजे मान जाईल तिकडे. पूर्वी विमानाचे नाक वळवून जे साधावे लागे, त्यातला बराच भाग आता डोके वळवून साधायचा असतो. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला नऊ जी सोसावे लागत नाहीत. त्याच्या कपाळासमोर रात्री पाहण्याची दुर्बीण लटकते, तोल राखायला मागच्या बाजूला वजन बांधलेले असते, आणि पुढे झुकून, यंत्राच्या थरथराटात तास न् तास बसायचे असते. भार कमी, वेळ जास्त. मान दोन्हीकडे भरडली जाते. तंत्रज्ञानाने प्रश्नाचे रूप बदलले आहे, प्रश्न मिटवलेला नाही.

पाचवा आक्षेप कुणी जाहीरपणे घेत नाही, पण सगळ्यांत घट्ट तोच आहे. "तक्रार केली की डॉक्टर उड्डाण बंद करतील. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं." या भीतीला आधार आहे. वैमानिकाची वैद्यकीय श्रेणी खाली आली की तो जमिनीवर येतो, आणि ज्याच्यासाठी त्याने आयुष्य वाहिले तेच हातातून निसटते. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. सुटीत गावी आल्यावर मालिश, बामाच्या डब्या, ओळखीच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या असे उपाय चालतात. काही जण केशकर्तनालयात दाढीनंतर मान कडकन मोडून घेतात. हा शेवटचा उपाय तर धडधडीत घातक आहे. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. झटक्याने मान पिळली की त्या फाटू शकतात, श्वासपटलाला जाणारी नसही दुखावू शकते. ज्याची मान आधीच ताणलेली आहे त्याने तर या वाटेला जाऊच नये.

दुखणे दडवल्याने वैमानिक वाचत नाही, हे गौलीगुड्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका घटनेतून समजून घेता येईल. निजामाच्या काळात विमानांसाठी आणलेली इथली लोखंडी कमानदार शेड पुढे बसस्थानक झाली. १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी सुरू झालेल्या निजामाच्या रस्ते वाहतूक खात्याच्या दिवसांपासून कित्येक पिढ्यांनी तिच्या छपराखाली बस पकडली. जुलै २०१८ मध्ये ती कोसळली. जीवितहानी झाली नाही, कारण धोक्याची चिन्हे दिसताच ती आधी रिकामी केली होती. मानेचीही चिन्हे आधी दिसतात: उड्डाणानंतर दुसऱ्या दिवशी उरणारा ताठरपणा, एका बाजूला वळताना अडखळणे, हाताकडे उतरणाऱ्या मुंग्या, बोटांतली बधिरता. पहिल्या टप्प्यावर सांगितले तर काही आठवड्यांचा व्यायाम आणि थोडा काळ कमी जीची उड्डाणे पुरतात. हाताला मुंग्या येईपर्यंत दडवले तर उड्डाणबंदी लांबते आणि कधी कायमचीही होते. ज्या बंदीच्या भीतीने वैमानिक गप्प बसतो, तीच बंदी त्याच्या गप्प बसण्यामुळे जवळ येते. म्हणून मानेची लवकर दिलेली खबर ही कामगिरीच्या नोंदीत डाग धरता कामा नये, आणि हे बदलणे सेवेच्या हातात आहे.

सहावा आक्षेप विज्ञानाचा आधार घेतो. "व्यायामावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत फायदा, काहींत शून्य." इथेच सगळ्या वादाची किल्ली आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. फिनलंडमध्ये २००६ च्या एका प्रयोगात लढाऊ वैमानिकांच्या एका गटाने ट्रॅम्पोलिनवर सराव केला, दुसऱ्याने ताकदीचा व्यायाम. दोन्ही गटांत उड्डाणाच्या वेळचा मानेचा ताण कमी झाला. स्वीडनमध्ये ब्यॉर्न एंग आणि सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना देखरेखीखाली मान आणि खांद्याचे व्यायाम करायला लावले. वर्षभरानंतर त्या गटात मानदुखी कमी होती. डेन्मार्कमध्ये एफ-१६ च्या वैमानिकांवर २४ आठवडे असाच नेमका व्यायाम झाला, तिथेही दुखणे उतरले. पण त्याच डेन्मार्कमध्ये हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना व्यायामाचा कार्यक्रम हातात देऊन 'आपापला करा' म्हटले गेले, तेव्हा बहुतेकांनी तो पुरता केलाच नाही आणि गट म्हणून फायदा दिसला नाही.

आक्षेप घेणारे या शेवटच्या अभ्यासाकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, व्यायाम निरुपयोगी. खरे तर तोच अभ्यास सर्वांत मोलाचा धडा देतो. जिथे कुणीतरी शिकवणारे, पाहणारे आणि नोंद ठेवणारे होते तिथे मान सुधारली. जिथे दमल्याभागल्या माणसावर सगळे सोडले तिथे काही झाले नाही. वैमानिक आळशी नसतात. पहाटेची ब्रीफिंग, उड्डाण, उड्डाणानंतरची चर्चा, कागदपत्रे, रात्रीची ड्युटी, अशा दिवसात आपणहून वीस मिनिटे काढायची म्हटले की तीच सर्वांत आधी गळतात. हवाई दलाला हे तत्त्व नवे नाही. जीमध्ये शुद्ध हरपू नये म्हणून पोट-पाय ताणून श्वास धरण्याची युक्ती वैमानिकाला शिकवली जाते. १९५७ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेत भल्यामोठ्या फिरत्या यंत्रावर ती घासूनपुसून घेतली जाते. ती कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. तोच जी मानेवरही पडतो. मग मानेच्या तयारीला तोच दर्जा का असू नये?

या मागणीला २०१६ पासून आणखी एक कारण आहे. १८ जून २०१६ रोजी दुंडिगलमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या देशाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या. स्त्रियांच्या मानेचे स्नायू सरासरीने पुरुषांपेक्षा लहान आणि कमी ताकदीचे असतात. डोक्याचा आकार सारखा असला तरीही. हेल्मेट मात्र त्यांच्यासाठी हलके होत नाही. यावरून कुणी मुलींना लढाऊ विमानापासून दूर ठेवण्याचा सल्ला काढील तर तो साफ चुकीचा ठरेल. स्नायू सरावाने वाढतो, तिचाही आणि त्याचाही. प्रत्येकाची मान आधी मोजावी, मग त्या मापाचा सराव द्यावा, एवढेच यातून निघते.

सगळ्यांत शेवटी येते ती वेळेची तक्रार. "आधीच दिवस पुरत नाही, त्यात हे कुठे बसवायचं?" तर हिशेब असा: आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे, म्हणजे एक तास. प्रत्येक उड्डाणाआधी मान मोकळी करायला पाच मिनिटे. स्टिक ओढण्याआधी डोके हव्या त्या दिशेला वळवून टेकवून घेण्याची आणि दोन आसनी विमानात मागच्याला आधी बोलून सावध करण्याची सवय, जिला वेळ जवळजवळ लागतच नाही. वर्षातून दोनदा मानेच्या ताकदीची आणि हालचालीची मोजणी, म्हणजे घसरण दुखण्याआधी कागदावर दिसेल. आणि स्क्वाड्रनजवळ एक फिजिओथेरपिस्ट, ज्याच्याकडे जाण्यासाठी कुणाला कसले भय वाटणार नाही. परेडच्या कदमतालासाठी अकादमीत याहून कितीतरी अधिक तास निघतात, आणि ते निघायलाच हवेत. त्याच वेळापत्रकात मानेसाठी एक रकाना आखावा. तो पहिल्याच सत्रात, पीसी-७ या प्रशिक्षण विमानातल्या पहिल्या उड्डाणाआधी सुरू व्हावा आणि बिदर, हकीमपेट, पुणे, जिथे जिथे शिकाऊ वैमानिक पुढे जाईल तिथे तिथे त्याच्याबरोबर जावा. गौलीगुड्यातल्या ज्या आईवडिलांचे मूल उद्या दुंडिगलच्या फाटकातून आत जाणार आहे, त्यांनी अकादमीला निवासाची, जेवणाची सोय विचारताना हा प्रश्नही न संकोचता विचारावा.